शोपाँची बोटं शोधायची की आपली?

खर्ज:
‘जुन्या प्रती धुंडाळून शोपाँचे बोटांचे आकडे शोधणं हा नुसता भक्तिभाव आहे, हात ज्याचा, बोटं त्याची.’ शुद्धसारंग यांचं हे वाक्य दोन दिवस खुपतंय, म्हणून सविस्तर लिहितो. शोपाँ हा एकोणिसाव्या शतकातला पोलिश पियानोवादक आणि रचनाकार; आकडे म्हणजे कुठला स्वर कुठल्या बोटाने वाजवायचा त्याच्या खुणा. ऑपस १० या त्याच्या संचातला दुसरा एत्यूद, म्हणजे सरावासाठीची रचना, घ्या. अंगठा आणि तर्जनी कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) सांभाळतात, वरची अर्धस्वरांची धावती ओळ उरलेल्या तीन अशक्त बोटांवर. शोपाँने जवळजवळ प्रत्येक स्वरावर आकडा घातलाय. तुम्ही सोयीची बोटं लावा, स्वर तेच येतील, पण एत्यूद गेला. तिथे बोटं हीच रचना आहे.

शुद्धसारंग:
एत्यूदचं मान्य. नॉक्टर्नचं, म्हणजे त्याच्या संथ, गाण्यासारख्या रचनांचं काय? जेन स्टर्लिंग या शिष्येच्या, शोपाँने आकडे लिहून दिलेल्या प्रती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, इतरांच्याही सापडल्या. शिष्यागणिक आकडे बदलतात. म्हणजे शोपाँ समोरचा हात बघून सांगायचा. मग ‘मूळ’ कुठलं? फ्रेंच रचनाकार देबुसीने तर १९१५ च्या एत्यूदांत एकही आकडा दिला नाही; आपापली बोटं शोधा, असं प्रस्तावनेतच लिहिलं.

पेटीवाला:
माझा राग वेगळाच आहे. काळ्या पट्टीवर अंगठा गेला की पेटीचे मास्तर छडी मारायचे. आठ वर्षं! पुढे पियानोच्या बाईंचंही तेच. चाळिशीत कळलं, शोपाँ खुशाल काळीवर अंगठा ठेवायचा.

मंद्रसप्तक:
पेटीला पियानोचे नियम लावू नका. काळी पाचमध्ये (सा पाचव्या काळ्या पट्टीवर) सा तर्जनीवर घ्या, अंगठा आपोआप रिषभावर, म्हणजे पांढरीवर येतो. तीस वर्षं साथ करतेय.

पेटीवाला:
आणि गाणारीने काळी तीनमध्ये भूप हा पाच स्वरांचा राग धरला तर? पाचही स्वर काळे! अंगठा बाजूला ठेवून चार बोटांवर तान काढायची? मुलांना मारण्याआधी हा विचार कोणी केला नाही.

मंद्रसप्तक:
आवाज चढवू नका. मारायला नको होतं. भूपापुरतं तुमचं बरोबर, बस.

खर्ज:
पेटीवाले, हाच शोपाँचा पाचवा एत्यूद! उजव्या हाताला जवळजवळ सगळ्या काळ्या पट्ट्या, अंगठ्याला दुसरी जागाच नाही. त्याचे आकडे बघितल्याशिवाय हा धीर शिकवणाऱ्यांना येत नाही, म्हणून मूळ प्रती हव्यात.

शुद्धसारंग:
एकिएर यांनी संपादित केलेल्या शोपाँच्या पोलिश आवृत्तीत शोपाँचे आकडे सरळ टाइपात, संपादकांचे तिरक्या. असं सगळ्यांनी छापलं तर माझी तक्रार नाही. माझा हात जेमतेम सप्तकभर पोचतो. लहानपणी मिळालेली प्रत आकड्यांनी भरलेली, कोणाचे ते कुठेच लिहिलेलं नाही. ‘छापलंय तसंच वाजव’ म्हणून मनगट दुखावलं, वर्षभर वाजवणं बंद होतं. तेव्हापासून आकडा दिसला की चीड येते.

खर्ज:
हे आधी सांगायचं होतंत. ती प्रत अजून आहे का? पान पाठवा, स्टर्लिंगच्या प्रतीशी ताडून बघतो.