मदत हवी आहे: गोड्या आणि खाऱ्या पाण्यासाठी एकच दणकट बेटकास्टिंग रीळ

गळाला_काय
मंडळी, गळाने मासे धरायला एकच बेटकास्टिंग रीळ (रॉडच्या वर बसणारं, आडव्या स्पूलचं, म्हणजे दोरा गुंडाळायच्या चाकाचं) घ्यायचं आहे. नदी-तलावातही चालावं आणि खाडीत, समुद्रातल्या खडकांवरूनही. रॉड ७ फुटी, हेवी पॉवरचा, आमिषाची मर्यादा ३० ते ९० ग्रॅम. दोरा ५० पौंडी विणलेला (०.३६ मिमी), पुढे गळाजवळ ४० पौंडी तंगुसाचा लीडर (जोडतुकडा). अडलंय ते असं:

१. आकार ३०० की ४००?
२. गियर गुणोत्तर (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे किती फेरे) ५ च्या आसपास की ७ च्या वर?
३. एका रिळावर कमाल ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरा सुटण्याआधीची अडवणूक) ११ किलो लिहिलाय, दुसऱ्यावर ७. सरळ ११ वालं घ्यावं का?
४. लो-प्रोफाइल (बुटकं, चपटं) की गोल?

स्पिनिंग रीळ घ्या असं कृपया सुचवू नका, तो विचार करून झालाय.

तंगूस
तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण निवड बहुधा तिथेच चुकते.

तुमच्या जोडणीत सगळ्यात कच्चा लीडर. ४० पौंड म्हणजे साधारण १८ किलो. ड्रॅग त्याच्या पाव ते एक तृतीयांशावर लावतात, म्हणजे ४.५ ते ६ किलो. गाठीमुळे ताकद आणखी घटते, म्हणून पाच धरा. मग ११ चा उपयोग काय? हातात धरलेल्या रॉडवर ६ किलोची ओढ किती असते ते दोऱ्याला वजनकाटा अडकवून एकदा बघाच. ड्रॅग लावायचाही तसाच, काट्यावर. बोटांच्या अंदाजाने नाही.

आकड्यापेक्षा वॉशर कशाचे आहेत ते विचारा. कार्बन फायबरचे हवेत, त्यांना ड्रॅगच्या ग्रीसचा अगदी पातळ हात. वॉशर चिकटत असतील तर ड्रॅग सुटताना पहिला झटका लावलेल्या ओढीपेक्षा बराच मोठा बसतो, आणि लीडर तुटतो तो त्याच क्षणी.

अजून एक. स्पूलवरच्या दोऱ्याचा व्यास ४० मिमी असताना ५ किलोवर लावलेला ड्रॅग, मासा दोरा घेऊन गेला आणि व्यास ३० मिमीवर आला की स्टारला (ड्रॅग आवळायच्या चांदणीसारख्या चाकाला) हात न लावताही ६.७ किलोच्या घरात जातो. मासा लांब गेलाय म्हणून ड्रॅग आवळणं म्हणजे उलटा कारभार. तेव्हा हवं तर किंचित सैल करा.

स्क्रूड्रायव्हर
वरच्याशी सहमत. मी धातूंबद्दल सांगतो. रीळ खाऱ्या पाण्याच्या हिशोबाने निवडा, गोड्यात ते चालेलच. उलटं होत नाही.

मॅग्नेशियमची चौकट बाद. हलकी असते खरी, पण वरचा थर एका जागी खरवडला की मीठ तिथून आत शिरतं. ग्रॅफाइट गंजत नाही, पण मोठ्या ओढीला किंचित वाकतं. गियरचे दात तिरके बसतात आणि घरघर सुरू होते. राहिलं ॲल्युमिनियम. ते घ्या, फक्त त्यातले स्क्रू स्टेनलेसचे असतात हे ध्यानात ठेवा. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते आणि स्क्रू कायमचा बसतो. नवीन रिळाचे बाहेरचे स्क्रू एकेक करून काढा, आट्यांना मरीन ग्रीस लावा, परत बसवा. काम दहा मिनिटांचं.

मुख्य गियर पितळी असावा. बेअरिंगची संख्या मोजत बसू नका. चार-पाच शिल्डेड, गंजरोधक बेअरिंग ही साध्या दहांपेक्षा बरी. उलटं फिरणं अडवणारं जे रोलर बेअरिंग असतं त्यात ग्रीस भरू नका. रोलर घसरतात आणि ऐन ओढीत हँडल उलटं फिरून बोटांवर बसतं. तिथे पातळ तेलाचा एक थेंब पुरे. रोलर घसरलेच तर अडवायला आत दातेरी चाक आणि खिट्टी असलेली रिळं मिळतात, तुमच्या कामाला तशीच हवीत.

गळाला_काय
धन्यवाद दोघांनाही. म्हणजे ७ किलोवालं चालेल. क्षमतेचं कोडं मात्र सुटत नाही. एका ३०० वर "०.३३ मिमी, २२० मीटर" लिहिलंय, माझा दोरा ०.३६ चा.

उलटी_भरती
लांबी व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. २२० × (०.३३ ÷ ०.३६)² = १८५ मीटर. खाली तंगुसाचे पाच-सहा वेढे द्या, नाहीतर विणलेला दोरा स्पूलवर सबंधच्या सबंध घसरतो आणि ड्रॅग सुटतोय असं वाटत राहतं. काठापर्यंत भरू नका, २-३ मिमी जागा सोडा. भरताना दोरा ओल्या फडक्यातून ताणून घ्या. सैल भरला तर मोठ्या ओढीला वरचा वेढा खालच्यात रुततो आणि पुढची फेक अर्ध्यात अडकते.

फेकून खेळायचं असेल तर १८५ मीटर पुरतात, म्हणून ३००. होडीमागे आमिष ओढायचं किंवा लांब पळणारे मासे धरायचे तर ४००. पण हे आकडे प्रत्येक कंपनीचे आपापले असतात, तुलना मिलिमीटर-मीटरचीच करा.

गुणोत्तर ६ च्या आसपास. ४० मिमी व्यासावर ६:१ म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ७५ सेंमी दोरा येतो. ७ च्या वर गेलात तर पृष्ठभागावरची आमिषं झकास चालतील, पण पाणी कापत येणारं ९० ग्रॅमचं आमिष ओढताना मनगट बोलायला लागेल. हँडल मात्र लांब घ्या, १०० मिमीच्या आसपास, मोठ्या मुठींचं.

लो-प्रोफाइल की गोल याबद्दल: दिवसभर फेकायचं तर लो-प्रोफाइल, तळहातात मावतं.

स्क्रूड्रायव्हर
इथे मतभेद नोंदवतो. गोल रीळ उघडायला सोपं, चौकट जाड, आणि जुन्या धाटणीच्या रिळांचे सुटे भाग सहसा मिळतात. हाताला जड पडतं हे मान्य. पण घरी स्वतः उघडणार असाल तर गोलच.

तंगूस
फेकायचं रीळ आहे हो ते, उघडायचं नाही :) ३० ग्रॅमच्या आमिषाला लो-प्रोफाइलच.

गळाला_काय
लो-प्रोफाइल ३००, ॲल्युमिनियम, ६ च्या आसपास. ठरलं. शेवटचं: खाऱ्या पाण्यातून आल्यावर बादलीत बुडवून ठेवायचं का?

स्क्रूड्रायव्हर
बुडवायचं नाही, आत शिरलेलं पाणी निघत नाही. जोरदार फवाराही नको, तो मीठ आत ढकलतो. आधी ड्रॅग पूर्ण आवळा, म्हणजे वॉशरपर्यंत पाणी जाणार नाही. गोड्या पाण्याची हलकी धार, झटका, पुसा. मग ड्रॅग पूर्ण सैल करून सावलीत वाळवा आणि तसाच ठेवा. आवळून ठेवलेले वॉशर दबून चिकटतात. दोरा मागे-पुढे नेणाऱ्या आट्यांच्या दांड्यावर तेलाचा थेंब, स्पूलच्या बेअरिंगला प्रत्येकी एक.

त्या दांड्यात फिरणारी छोटी पितळी खिट्टी वाळू-मिठाने पहिली झिजते. दोरा एकाच बाजूला ढीग व्हायला लागला की समजायचं, गेली. रिळाबरोबरच एक जास्तीची मागवून ठेवा.