कबड्डीत बहिणीचा गुडघा वळला, सूज उतरली पण पाय सटकतोय. काय करावं?

वाळव्याचा_भाऊ:
नमस्कार मंडळी. बहिणीबद्दल विचारायचंय. वय १७, बारावीला आहे, पाचवीपासून कबड्डी खेळते, चढाई करते. तीन आठवड्यांपूर्वी सरावात बोनस घेऊन मागं वळताना उजवा पाय मॅटवर तसाच रोवून राहिला आणि अंग फिरलं, कुणी धरलेलंसुद्धा नव्हतं. आतून फट्ट असा आवाज आला म्हणते. घरी येईपर्यंत दोन तासात गुडघा नारळाएवढा. त्याच रात्री जवळच्या एका हाडं बसवणाऱ्याकडं नेलं, त्यांनी गरम तेलानं चोळून, पाय ओढून पट्टी बांधली, ती रडत होती पण आम्हाला वाटलं नस बसतेय. सकाळी सूज आणखी वाढलेली. मग एक्सरे काढला, हाड नीट आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. आता सूज बरीच उतरलीय, चालते, पण जिना उतरताना पाय सटकतो, दोनदा पडता पडता वाचली. सर म्हणतात नी-कॅप घालून हळूहळू सुरू कर, सव्वा महिन्यावर जिल्ह्याची निवड चाचणी आहे. तिलाही जायचंच आहे. आई म्हणते आता खेळच बंद. एमआरआय काढावा का, ऑपरेशन लागेल का, दाखवायचं कुठं? कुणाला अनुभव असेल तर सांगा, घरात रोज यावरून वाद चाललाय.

जुना_कोपरा:
भावा, चाचणीला पाठवू नको. एवढं आत्ताच सांगतो, बाकी डॉक्टर सांगतील. मी उजवा कोपरा खेळायचो, माझाही असाच वळला होता, तेव्हा २१ चा होतो. सूज उतरली, पळता येत होतं, म्हणून इंजेक्शन घेऊन स्पर्धा खेळलो, मग आणखी एक, असं करत दोन वर्षं काढली, आणि प्रत्येक वेळी गुडघा सटकला की आत आणखी काहीतरी फाटत गेलं ते मला कळलंच नाही कारण गोळीनं दुखणं दबत होतं. शेवटी गुडघा वाकलेला तसाच अडकून बसला, सरळच होईना, तेव्हा कळलं की गुडघ्यातली दोन हाडांमधली गादी फाटून मधी अडकलीय. आज ३८ वय आहे, पंगतीला मांडी घालून बसता येत नाही. सूज उतरणं म्हणजे बरं होणं नाही रे.

फिजिओ_मिरज:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, कबड्डी आणि कुस्तीची पोरं रोज बघते. इथून निदान करता येणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ना, कुणी न धरता वळताना झालं, आवाज आला, दोन तासात गुडघा टम्म फुगला, आणि आता जिना उतरताना सटकतो, हे सगळं एकत्र आलं की पहिला संशय एसीएलचा घ्यायचा. गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधणारी ही दोरी, नडगीला पुढं घसरू देत नाही आणि गुडघा पिळू देत नाही. तिला स्वतःचा रक्तपुरवठा असतो, म्हणून ती तुटली की सांध्यात रक्त साठतं आणि सूज तासा-दोन तासात येते. गादीला, म्हणजे मेनिस्कसला नुसती इजा असेल तर सूज बहुतेक वेळा हळू, दुसऱ्या दिवशीपर्यंत चढते. एक्सरेत लिगामेंट दिसतच नाही, त्यामुळे 'एक्सरे नॉर्मल' याचा अर्थ फक्त हाड मोडलं नाही एवढाच.

ऑर्थोपेडिक सर्जनला दाखवा, शक्यतो गुडघ्याचं दुर्बिणीचं काम नेहमी करणारा. ते गुडघा थोडासा वाकवून नडगी पुढं ओढून बघतील, अनुभवी हाताला त्यातच बरंच कळतं, एमआरआय त्याच्या नंतर, गादी आणि बाकीच्या दोऱ्या कशा आहेत ते बघायला. तोपर्यंत सराव बंद, उड्या नाहीत, वळणं नाहीत. नी-कॅपनं गुडघा पिळायचा थांबत नाही, फक्त आधार असल्यासारखं वाटतं, आणि त्या भरवशावर पोरं मैदानात उतरतात म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते.

चोळण्याबद्दल पण लिहिते कारण हे आठवड्यातून दोनदा तरी बघते. ताज्या इजेत पहिले दोन-तीन दिवस गरम शेक, तेलानं चोळणं, ओढणं यातलं काहीही नको, आत रक्त येत असतं, त्यानं ते वाढतं. फडक्यात गुंडाळून बर्फ १५-२० मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच, आणि वजन टाकायचं की नाही ते तपासून ठरवायचं. बर्फानं दुखणं कमी होतं, दोरी जुळत नाही, हेही लक्षात असू दे. झालं ते झालं, स्वतःला दोष देत बसू नका.

वाळव्याचा_भाऊ:
मॅडम खूप आभार. ऑपरेशन लागतंच का पण? आणि ती परत खेळेल का, ती रात्री हेच विचारते मला.

फिजिओ_मिरज:
प्रत्येकाला लागत नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या लोकांवर अभ्यास झाला होता, २०१० ला प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्यांना लगेच ऑपरेशन आणि निम्म्यांना आधी व्यायाम, गरज वाटली तर नंतर ऑपरेशन असं केलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे साधारण सारखेच होते आणि व्यायामवाल्यांपैकी बऱ्याच जणांना तोवर ऑपरेशन लागलंच नव्हतं. पण कबड्डी म्हणजे अचानक थांबणं, पिळणं, चौघांच्या ओढीत मध्यरेषेकडं झेपावणं. ज्याला असा खेळ पुन्हा खेळायचाय आणि ज्याचा गुडघा रोजच्या चालण्यात सटकतोय त्याला बहुतेक सर्जन नवी दोरी बसवायला सांगतात, गादी पण फाटली असेल तर आणखीच. मांडीच्या मागच्या स्नायूंच्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) किंवा वाटीखालच्या पट्ट्याचा तुकडा घेऊन ती बनवतात.

घाई मात्र ऑपरेशनचीही नको. आधी सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळता आला पाहिजे, नाहीतर नंतर गुडघा आखडतो. नवीन दोरी पहिल्या काही महिन्यात उलट कमजोर होत जाते, शरीर तिला हळूहळू आपलंसं करत असतं, आणि नेमकं त्याच वेळी पोरांना वाटतं आता मी ठणठणीत. म्हणून नऊ महिन्यांच्या आत मॅटवर नाही. नुसतं कॅलेंडर पण चालत नाही, त्या पायाची ताकद आणि एका पायावरच्या उड्या चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के आल्या पाहिजेत. पंचविशीच्या आतले जे खेळाडू मैदानात परततात त्यातल्या जवळजवळ चौघांपैकी एकाला पुन्हा एसीएलची इजा होते, त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याला. तिला हे आत्ताच सांगा, लपवू नका. १७ वर्षांची मुलगी आहे, तिला समजतं.

पुण्यातली_आई:
तुमच्या आईसाठी लिहितेय. माझी मुलगी फुटबॉल खेळते, १६ ची असताना हेच झालं. माझ्या सासूबाईंचं पण पहिलं वाक्य होतं, मुलीच्या जातीला पायावर टाके, उद्या लग्नाचं काय. टाके म्हणाल तर दोन-तीन बारीक छिद्रं आणि नडगीवर बोटाच्या दोन पेरांएवढी एक रेघ, आज शोधावी लागते. आणि खेळ सोडला तरी गुडघा तोच राहतो हो, बस पकडायला, जिना उतरायला, पाण्याची कळशी उचलायला तोच लागणार आहे. कुस्तीवाल्या विनेश फोगाटचं त्यांना सांगा. रिओला २०१६ मध्ये गुडघ्यामुळे स्ट्रेचरवरून बाहेर नेलं होतं, मग ऑगस्ट २०२३ ला दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईत झालं, आणि पुढच्या ऑगस्टला पॅरिसमध्ये फायनलपर्यंत पोचली.

खर्चाचं म्हणाल तर आम्हाला प्रायव्हेटला फिजिओ धरून दीड लाखाच्या वर गेले, त्यातलं फिजिओचं आम्ही आधी धरलंच नव्हतं. तुम्ही मिरजेचं शासकीय रुग्णालय किंवा कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय आधी बघा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत तिचं ऑपरेशन बसतं का हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची मदत करणाऱ्या माणसाला, तोंडावर विचारा. आणि एक, पहिले दोन महिने ती चिडेल, रडेल, मैत्रिणींच्या मॅचचे व्हिडिओ बघून फोन फेकेल. आमच्याकडं ते दुखण्यापेक्षा जड गेलं.

भरती_२५:
धागा दुसऱ्याचा आहे पण विचारतो, माफी असावी. पोलीस भरतीची तयारी चालू आहे, १६०० मीटरसाठी रोज पहाटे डांबरी रोडवर पळतोय, एका महिन्यात दोन किलोमीटरवरून आठवर नेलं. नडगी आतल्या बाजूनं दुखते. मित्र म्हणतात पळून पळून जाईल.

फिजिओ_मिरज:
पळून जात नाही. बोटानं दाबून बघ, नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्टा दुखतो की नाण्याएवढ्या एकाच जागी टोचतं? पट्टा असेल तर बहुतेक भार एकदम वाढवल्याचं दुखणं आहे, पळणं बरंच कमी कर, मातीवर जा, पोटरीचे व्यायाम कर, मग हळूहळू वाढव. एकाच जागी असेल, रात्रीही ठणकत असेल, त्या पायावर उडी मारता येत नसेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, पळणं आजच थांबव आणि दाखव. पहिल्या दोन-तीन आठवड्यात ती एक्सरेत बऱ्याचदा दिसत नाही. भरतीच्या मुली हे वाचत असतील तर, पाळी चुकायला लागली असेल आणि असं दुखत असेल तर डॉक्टरला दोन्ही सांगा, खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की हाडं कमजोर होतात.

मातीतला_सर:
मी गावात पोरापोरींना कबड्डी शिकवतो. सरांवर राग धरू नका, आम्हाला हे कुणी शिकवलेलं नसतं, आम्ही स्वतः दुखऱ्या पायानं खेळलो म्हणून पोरांनाही तेच सांगतो. आम्ही मातीवर वाढलो, पाय घसरायचा, मॅटवर बुटाचा तळ चिकटतो आणि अंग पुढं जातं, मला तरी वळण्याच्या इजा मॅट आल्यापासून जास्त दिसतात. माझ्याकडच्या दोन मुली अशाच गेल्या, तेव्हापासून दोन फेऱ्या पळून दंगा सुरू हे बंद केलं. वीस मिनिटं मोडत नाही: एका पायावर तोल, उडी मारून दोन्ही गुडघे आत न पडू देता मऊ उतरणं, गुडघ्यावर बसून मागून कुणीतरी घोटे धरायचे आणि अंग हळूहळू पुढं सोडायचं तो मांडीच्या मागचा व्यायाम, थांबून वळायचा सराव. फुटबॉलवाल्यांचा ११ प्लस म्हणून वॉर्मअप आहे त्यातलंच बरंचसं.

फिजिओ_मिरज:
सर, हे सुरू ठेवा. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर याच वॉर्मअपचा मोठा अभ्यास झाला, २००८ ला, त्यात इजा साधारण एक तृतीयांशानं कमी झाल्या. मुलींना एसीएलचा धोका त्याच खेळातल्या मुलांपेक्षा दोन-तीन पट जास्त असतो आणि उतरताना गुडघा आत पडणं हे त्यातलं आपल्या हातातलं कारण.

वाळव्याचा_भाऊ:
उशिरा लिहितोय, धावपळ होती. मिरजेला दाखवलं, एमआरआय झाला. एसीएल पूर्ण तुटलंय, आतल्या बाजूची गादी पण थोडी फाटलीय. डॉक्टर म्हणाले पाय अजून पूर्ण सरळ होत नाही, तीन आठवडे व्यायाम करून या मग तारीख देतो, योजनेची कागदं आरोग्यमित्राकडं दिलीत. सरांना घरी बोलावून रिपोर्ट दाखवला, बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले चाचणीचं मी बघतो, तू पायाचं बघ. आईला पुण्याच्या ताईंचं सगळं वाचून दाखवलं, विनेशचा व्हिडिओ तिनं दोनदा बघितला. अजून हो म्हणाली नाही पण काल पाय सरळ करायच्या व्यायामाला स्वतः टॉवेलची गुंडाळी करून दिली.

बहीण विचारतेय, संध्याकाळी सरावाला जाऊन मॅटच्या बाहेर गुण लिहायला बसलं तर चालेल का?

फिजिओ_मिरज:
चालेल की. खुर्चीवर बसू दे, मांडी घालून नको. समोर आणखी एक खुर्ची, त्यावर टाच, गुडघ्याखाली काही ठेवायचं नाही. प्रत्येक चढाईला मांडी आवळून पाच आकडे मोजायचे, आणि जाताना-येताना मागं बसवून गाडीवर न्या, चालत नको.