पाळी चालू असली तरी चिडचिड हार्मोन्सचीच असू शकते

एकीने विचारलंय की वय ४४, पाळी दर महिन्याला येतेय, मग ही चिडचिड मेनोपॉजची, म्हणजे पाळी कायमची बंद होण्याची, कशी असेल? असू शकते की! पाळी बंद व्हायच्या आधी काही वर्षं, साधारण ४ पण कुणाकुणाला त्याहून जास्त, हा पेरिमेनोपॉजचा काळ चालतो आणि त्यात इस्ट्रोजेन हे हार्मोन हळूहळू कमी होत जातं असं आपण समजतो पण तसं सरळ नसतं, ते वरखाली उड्या मारतं, कधीकधी तर आधीपेक्षा जास्त असतं. आणि काही महिन्यांत पाळी येते पण स्त्रीबीज सुटलेलंच नसतं, मग प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन फारसं बनत नाही. त्याच्यापासून मेंदूला शांत ठेवणारं एक रसायन तयार होतं, तेही मग कमी पडतं. त्यात रात्री घाम येऊन झोपमोड, म्हणजे सकाळी कुणी नुसतं "चहा झाला का" विचारलं तरी डोकं फिरतं. ज्यांना पूर्वीपासून पाळीच्या आधी मूडचा त्रास व्हायचा त्यांना हे जास्त जाणवू शकतं.

एकदाच एफएसएच टेस्ट (पाळीशी संबंधित एका हार्मोनची रक्ततपासणी) करून नॉर्मल आली म्हणून निकाल लावू नका, तो आकडा महिन्यागणिक बदलतो. त्यापेक्षा थायरॉइड आणि हिमोग्लोबिन आधी बघा, त्यांची लक्षणं अगदी अशीच दिसतात. एचआरटीला, म्हणजे बाहेरून हार्मोन्स देण्याच्या उपचाराला, सरसकट घाबरायचं कारण नाही, पण स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्यांची हिस्टरी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि हो, गर्भनिरोधक इतक्यात बंद करू नका, दिवस राहू शकतात अजून.