कारचं दार अचानक उघडतं, सायकल कुठून चालवायची?

प्रश्न: काल जंगली महाराज रस्त्यावर डावीकडे उभ्या गाडीचं दार फाडकन उघडलं. ब्रेक दाबला, तरी हँडल आदळलंच. कोपर सोलवटलं. मागून बस येत होती, अजून हात थरथरतोय. कडेनं कसं चालवायचं?

उत्तर: ताई, अगदी कडेनं चालवूच नका. उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब राहा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत. आत डोकं दिसलं, ब्रेकचा लाल दिवा नुकताच विझला, की दार उघडणार असं धरून चाला.

उत्तर: मी कारवाला. दार डाव्या हातानं उघडतो. अंग वळतं, मागचं दिसतं. नेदरलँड्समध्ये ही सवय जुनी, ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रहदारीच्या नियमपुस्तिकेत, २०२२ पासून आहे. मुलांना डावीकडूनच उतरवतो, तेही मागे बघून.

प्रश्नकर्ती: बाबांना आत्ताच गाडीत बसवून डाव्या हातानं दार उघडायला लावलं. तीनदा.