मदत हवी आहे: जुन्या मोटाररस्त्यावरचा दगडी पूल नेमका कधीचा, हे कसं शोधायचं?

ओढ्याकाठचा
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. आमच्याकडचा कमानींचा जुना पूल पाडणार आहेत, पावसाळा संपला की काम सुरू होईल असं ऐकतोय. दोनदा कार्यालयात जाऊन आलो, "एवढी जुनी कागदपत्रं नसतात" म्हणाले. पूल कधीचा याचा पुरावा कुठे मिळेल? वाचला तर उत्तमच, पण निदान त्याची नोंद तरी राहिली पाहिजे. लवकर सांगा.

घाटवाट
कुठला पूल? गाव, नदी, तालुका काहीच लिहिलेलं नाही. रस्ता महामार्गाचा की जिल्हा परिषदेचा? ताबा कोणाचा हे कळल्याशिवाय अर्ज कुठे करायचा ते सांगता येणार नाही.

त्रिमिती
कागद शोधत बसू नका, आधी फोटो काढा. सगळ्या बाजूंनी, एकावर एक येतील असे दोनशे-तीनशे. मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकले की पुलाचं त्रिमितीय मॉडेल तयार होतं. कमानीखालून काढायला विसरू नका, ड्रोन तिथे पोचत नाही. आणि एका फोटोत मोजपट्टी दिसू द्या.

ओढ्याकाठचा
लिहायचं राहिलं. पोलादपूरजवळ, सावित्रीला मिळणाऱ्या ओढ्यावर. तीन कमानी, काळा दगड. नवा रस्ता बाजूने गेलाय, यावरून आता फक्त गुरं आणि शेतावर जाणारी माणसं. घाई आहे हो, फोटो काय कधीही निघतील.

त्रिमिती
पाडल्यावर कसे निघतील?

जुने दफ्तर
पोलादपूरहून दोन जुने रस्ते निघतात, तुमचा कुठला? महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी म्हणजे गव्हर्नर फिट्झगेराल्डच्या नावाचा घाट, तो १९व्या शतकातला, बैलगाड्या आणि टांग्यांच्या काळातला. कशेडी घाटातून खेडकडे जाणाऱ्या रस्त्याची गोष्ट वेगळी. त्यावरच्या पुलांना मोटारींचा काळ लागू होतो. बॅरिस्टर जयकरांची रस्ते समिती १९२७ची. तिच्या शिफारशीवरून १९२९मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून रस्त्यांसाठी निधी उभा राहिला. महाडचा सावित्रीवरचा पूल १९२८चा. तुमचा त्याचा धाकटा भाऊ असू शकतो, पण रस्ता आधी सांगा.

ओढ्याकाठचा
कशेडीकडचा.

साकव
माझं मत वेगळं आहे. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री तोच सावित्रीचा पूल पुरात गेला, दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. आमच्या गावाने ते दिवस पाहिलेत. जुने पूल जपा म्हणणं सोपं आहे.

घाटवाट
तुमचं दुःख मान्य. पण तो पूल रहदारीचा होता, रात्रंदिवस जड वाहनं जात होती. इथे गुरं जातात. कमानीला वरच्या ओझ्याचं फारसं भय नसतं, ओझ्याने दगड एकमेकांत दाबलेच जातात. धोका खाली असतो, पुराचं पाणी पायाजवळची माती-वाळू ओढून नेतं. म्हणून खांबांच्या बुडाशी खड्डे पडलेत का ते उन्हाळ्यात ओढा आटल्यावर बघायचं.

साकव
ते बघणार कोण? दरवर्षी?

मुंबईकर७
याच भागाचा विषय निघालाय म्हणून विचारतो, गणपतीला गाडीने जायचंय. कशेडीचा बोगदा बरा की घाट?

घाटवाट
कृपया वेगळा धागा काढा.

लालडबा
कशेडीचं नाव वाचलं आणि लहानपण आठवलं. एसटी घाटात लागली की आई खिडकीकडे सरकवायची आणि हातात लिंबू द्यायची. पुलावर चाकांचा आवाज बदलायचा, एकदम पोकळ. झोपेतही कळायचं, पूल आला.

जुने दफ्तर
मुद्द्यावर येतो. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. "पूल कधी बांधला" असं विचारू नका, नोंद नाही म्हणून मोकळे होतील. "पुलांच्या नोंदवहीतल्या या पुलाच्या पानाची आणि शेवटच्या तपासणी अहवालाची प्रत द्यावी" असं मागा. सावित्रीनंतर राज्यभर जुन्या पुलांची तपासणी झाली होती. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. दुसरं, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचं दफ्तर आहे. तिथे रायगड शोधाल तर हाती काही लागणार नाही, जिल्ह्याचं नाव १९८१पर्यंत कुलाबा होतं. कुलाबा जिल्हा, महाड तालुका असंच मागा.

ओढ्याकाठचा
धन्यवाद! कठड्यात एक कोरलेला दगड आहे, त्यावर "१९" इंग्रजीत दिसतं, पुढे रंग फासलाय. त्याचा उपयोग होईल का?

जुने दफ्तर
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं!

घाटवाट
रंग खरवडू नका आणि ॲसिड तर अजिबात नको. अंधार पडल्यावर जा, विजेरी दगडाला चिकटवून एका बाजूने धरा आणि फोटो काढा. तिरप्या उजेडात खोल अक्षरांच्या सावल्या रंगातूनही उठतात.

त्रिमिती
माझ्या मॉडेलमध्येही उठतील. म्हणूनच सांगत होतो.

जुने दफ्तर
सालाला महत्त्व आहे. प्राचीन स्मारकं जपण्याचा केंद्राचा १९५८चा कायदा वास्तूची शंभर वर्षं मागतो. १९२८चा असेल तर शंभरी २०२८ला. राज्याचा १९६०चा कायदा वेगळा आहे, त्याखाली पुरातत्त्व संचालनालयाला आजच लिहा, दगडाच्या फोटोसकट.

मैलकुलीची नात
माझे आजोबा याच रस्त्यावर मैलकुली होते. एका मैलाचे खड्डे, गटारं, मोऱ्या त्यांच्याकडे. पावसाआधी कमानींच्या सांध्यांत उगवलेली पिंपळाची रोपं मुळासकट उपटायची, हे काम त्यांचं. एक रोप राहिलं तर दगड सरकतो, म्हणायचे. तुमच्या गावात जुन्या मैलकुलीचं घर असेलच, चौकशी करा. पूल बांधताना दगड कुठल्या खाणीतून आला, हे त्या घरात माहीत असतं. आता सांध्यांत झाडं आहेत का?

ओढ्याकाठचा
आहेत. महाडकडच्या कमानीत मनगटाएवढा पिंपळ आहे.

मैलकुलीची नात
तो ओढून काढू नका, दगड घेऊन येईल. बुंध्याशी कापा आणि मुळं जागच्या जागी मारायला जाणकार माणूस बोलवा.

साकव
मीही महाडचाच. रविवारी मोकळा आहे, मोजपट्टी घेऊन येतो. खांबांच्या बुडाशी काय आहे ते मला स्वतः बघायचंय.

ओढ्याकाठचा
या. आज रात्री विजेरी घेऊन जातोय. काही वाचता आलं तर इथेच टाकतो.