सीबीनॅटवर एरर २००८ आणि इनव्हॅलिड: नमुना बिघडतोय की मशीन?

लॅब_बीड: ऊन वाढलं की आमच्या सीबीनॅटवर (बेडक्यात टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारं मशीन) एरर २००८ वाढतो, मधूनच 'इनव्हॅलिड' असा निकालही येतो. नमुने उपकेंद्रांवरून मोटारसायकलवर येतात. मॉड्यूल (मशीनमधला कार्ट्रिज बसवायचा कप्पा) बदललं तरी तेच. शिवाय ऊसतोडीवरून परतलेल्यांत मागं टीबीचा कोर्स पूर्ण केलेले असतात. त्यांचा पॉझिटिव्ह कितपत धरावा?

बेडका_तपासनीस: मॉड्यूल बदलूनही तेच, म्हणजे आधी नमुना बघा. २००८ म्हणजे कार्ट्रिजमधला (नमुना भरायची एकदाच वापरायची डबी) दाब मर्यादेबाहेर गेला. बेडका नीट पातळ झालेला नसतो, नाहीतर त्यात भाकरीचा कण, सुपारीचा तुकडा असतो. असं काही दिसलं तर नमुना घेऊच नका. चूळ भरायला लावून दुसरा मागा.

बेडक्याच्या दुप्पट सॅम्पल रिएजंट (बेडका पातळ करणारं द्रावण), झाकण घट्ट, १०-२० वेळा जोरात हलवा. एकूण १५ मिनिटं ठेवायचं, त्यात पाचव्या ते दहाव्या मिनिटादरम्यान पुन्हा एकदा हलवायचं. गर्दीत नेमकं हेच राहून जातं. तरीही तार धरत असेल तर आणखी ५-१० मिनिटं थांबा. मग २ मिली घ्या, गुठळी ओढू नका.

इनव्हॅलिडचं वेगळं. तिथं आतलं कंट्रोलच, म्हणजे तपासणी नीट झाली का ते सांगणारी कार्ट्रिजमधली खूण, चाललेलं नसतं. त्याला निगेटिव्ह म्हणून रिपोर्ट देऊ नका. कच्चा बेडका उरला असेल तर नवं रिएजंट, नवं कार्ट्रिज.

थंड_साखळी: कार्ट्रिज कुठं ठेवता? त्यांना २ ते २८ अंश लागतात. कच्चा बेडका ३५ अंशांपर्यंत ३ दिवस टिकतो, पण एप्रिलच्या दुपारी डिकीत ३५ कुठले? आइसपॅक घातलेला व्हॅक्सिन कॅरियर द्या. मशीनच्या पंख्याची जाळीही धुळीनं भरते, तीही बघा.

लॅब_बीड: मशीनच्या खोलीत एसी आहे. कार्ट्रिजचे खोके मात्र औषधांच्या स्टोअरला, पत्र्याखाली.

थंड_साखळी: मग ते आजच हलवा.

क्षय_विभाग: दुसऱ्या प्रश्नाबद्दल. हे मशीन मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडतं, म्हणून उपचाराच्या फॉलोअपला ते वापरू नये. तिथं स्मिअर (काचेवर बेडका पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं). कोर्स झालेल्याला पुन्हा खोकला-ताप असेल तर सीबीनॅट करायचंच, रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला रेझिस्टन्स (औषध लागू न पडणं) अशांतच जास्त निघतो. मात्र 'व्हेरी लो' (जंतूचा डीएनए अगदी थोडा) आलं तर एकट्या त्या कागदावर जाऊ नका. लक्षणं, एक्स-रे आणि कल्चर सोबत हवं. लिक्विड कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस लागतात. दिवाळीच्या तोंडावर आलेला रुग्ण तोवर फडात गेलेला असतो, तेव्हा नमुना घेतानाच घरचा दुसरा फोन नंबर आणि कारखान्याचा तालुका लिहून घ्या. निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीतला रुग्णाचा क्रमांक) तोच ठेवून तिकडं ट्रान्सफर करता येतो.