ओलिक आम्ल तुटता तुटेना! पेरॉक्साइड वापरलेल्यांची मदत हवी आहे

मंडळी, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी ओलिक आम्लाचे (तेलांत असतं ते 18 कार्बनचं मेदाम्ल, मधोमध एक दुहेरी बंध) नऊ-नऊ कार्बनचे दोन तुकडे करतेय: ऍझेलेइक (मुरुमांच्या क्रीममध्ये असतं ते) आणि पेलार्गोनिक. कारखान्यांत हे ओझोनने करतात. आमच्याकडे ओझोनायझर नाही, आणि विषय 'हरित' असल्यामुळे परमँगनेट, क्रोमेट बाद.

म्हणून टंगस्टिक आम्ल (उत्प्रेरक), 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि तेल-पाणी एकत्र यावं म्हणून थोडं ऍलिक्वॅट 336. समीकरणाप्रमाणे एका मोलला चार मोल पेरॉक्साइड, सगळं सुरुवातीलाच घालून 85 अंशांवर ढवळत ठेवते. आयोडीन व्हॅल्यू (दुहेरी बंधांचं माप) जवळजवळ शून्यावर येते, म्हणजे दुहेरी बंध गेला. पण ऍसिड व्हॅल्यू (आम्ल गटांचं माप, तुटल्यावर ते वाढायला हवं) वाढायच्या ऐवजी किंचित उतरते! थंड केल्यावर पांढरा घट्ट गोळा मिळतो. हे नक्की काय आहे? आणि ऍझेलेइक मिळालंच तर वेगळं कसं काढायचं?

प्रतिसाद

गोळा बहुतेक डायहायड्रॉक्सी स्टिअरिक आम्लाचा आहे, म्हणजे साखळी न तुटता दुहेरी बंधाच्या जागी दोन OH गट आलेलं डायॉल. त्याची ऍसिड व्हॅल्यू 177 च्या आसपास, ओलिकची 199, म्हणून आकडा उतरतो. पूर्ण तुटलं असतं तर 480 च्या पुढे गेला असता. वितळणबिंदूही बघा: हे डायॉल साधारण 95 ला, ऍझेलेइक 106 ला.

आधी इपॉक्साइड (दुहेरी बंधावर ऑक्सिजनचं कडं), मग पाण्याने डायॉल, एवढ्याला एकच मोल पेरॉक्साइड लागतं आणि ते पटकन होतं. खरी तोड सावकाश होते, तिला उरलेले तीन मोल हवेत. तोवर तुमचं पेरॉक्साइड तापून आपोआप ऑक्सिजन आणि पाणी होऊन बसतं. लोखंडाचा अंश असेल तर आणखी लवकर. तेव्हा चारपेक्षा जास्त घ्या आणि थेंबथेंब, तासातासाने घाला. एकदम ओतणं तसंही धोक्याचं, उष्णता आवरत नाही. सार्डिनियातल्या पोर्तो तोर्रेसच्या कारखान्यात तर पेरॉक्साइड डायॉलपुरतंच वापरतात, पुढची तोड कोबाल्ट आणि हवेने. पण त्याला दाबाचं भांडं लागतं, कॉलेजात नको.

वेगळं करणं सोपं आहे. उकळत्या पाण्याने धुवा. ऍझेलेइक पाण्यात उतरतं, पेलार्गोनिक आणि न तुटलेलं मागे राहतं. गरम असतानाच गाळून थंड करा, स्फटिक येतील. त्याआधी उरलेलं पेरॉक्साइड बायसल्फाइटने मारा, पेरॉक्साइडच्या चाचणीपट्टीने तपासा. आणि भांडी ऍसिटोनने धुवायची सवय असेल तर इथे मुळीच नको, स्फोटक पेरॉक्साइड बनतं.